न रडणाऱ्या लेकराचा रोजमेळ

लहान मुलाविषयीचे एक वाक्य आपल्या घरांतून मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते. 'आमचा हा पडला तरी रडत नाही.' पाहुण्यांना ते सांगितले जाते, स्थानकातून परतताना ओट्यावर सांगितले जाते, लस टोचण्याच्या दिवशी डॉक्टरांनाही ऐकवले जाते. ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, 'मोठा धीराचा आहे.' मीही अनेकदा अशी मान डोलावली आहे. परिचयातील एका घरी घडलेल्या प्रसंगानंतर मात्र ती सवय मी सोडली.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आडतीचा व्यवसाय करणारे हे कुटुंब. बँकेच्या नोकरीत त्या गावी असताना त्यांचे खाते आमच्या शाखेत होते, आणि निवृत्तीनंतरही येणे-जाणे टिकून राहिले. त्यांचा पाच वर्षांचा नातू मोंढ्यातील पोत्यांच्या थप्पीवरून खाली पडला. उठला, कपडे झटकले आणि पुन्हा खेळू लागला. आजोबांनी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना आईच्या लक्षात आले की उजवा हात मनगटाच्या वर सुजला आहे आणि किंचित वाकडा दिसतो आहे. एक्स-रे काढला, तर हाड मोडलेले निघाले. त्याच हाताने तो मुलगा तीन दिवस जेवला होता, पाटीवर अक्षरे गिरवली होती, धाकट्या बहिणीशी चेंडू खेळला होता. डॉक्टरांनी विचारले, 'दुखत नव्हतं का रे?' मुलगा म्हणाला, 'थोडंसं.'

घरी आल्यावर सर्वांचा प्रश्न मुलाला नव्हता, आईला होता. 'तुझं ध्यान कुठं होतं?' त्या सूनबाईंना मी त्या दिवशी प्रथम रडताना पाहिले. कधीच न रडणाऱ्या मुलाचे कौतुक साऱ्या घराचे, आणि त्याच्या न रडण्यातून उद्भवलेल्या संकटाचा दोष मात्र एकट्या आईचा, हा हिशेब मला कोणत्याही तेरजेत बसवता आला नाही.

पुढे त्या मुलाची तपासणी झाली. त्याला वेदना कळते, परंतु ती जाणवण्याचा आणि त्याने ती बोलून दाखवण्याचा उंबरठा इतर मुलांपेक्षा बराच उंच आहे, असे निदान झाले. अशी मुले विरळ असली तरी आपल्या आसपास असतात. काहींचा स्वभावच तसा असतो. स्वमग्नतेच्या वर्तुळातील काही मुलांना स्पर्श, आवाज आणि वेदना वेगळ्या प्रमाणात जाणवतात. काहींना खेळात इतके गुंतायला होते की बाकी सारे मागे पडते. या सर्वांच्या पलीकडे एक अत्यंत दुर्मिळ अवस्था आहे, जिच्यात मूल जन्मापासून वेदना ओळखतच नाही. या टोकाच्या अवस्थेचा अभ्यास जगभर झाला आहे, आणि तिच्यापासून सौम्य अवस्थेतील मुलांच्या पालकांनाही पुष्कळ शिकता येते. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

२००६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात केंब्रिजचे जनुकशास्त्रज्ञ जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा उगम उत्तर पाकिस्तानातील एका मुलात होता. हा सुमारे दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवत असे. तो दंडात सुरी खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले आणि लोक पैसे टाकत. संशोधक त्याला भेटण्यापूर्वीच, चौदाव्या वाढदिवशी घराच्या छपरावरून उडी मारल्यामुळे तो मरण पावला. पुढे त्याच्या नात्यातील तीन कुटुंबांतील सहा मुले तपासण्यात आली. एकालाही आयुष्यात कधी वेदना जाणवली नव्हती. सर्वांच्या ओठांवर आणि जिभेवर स्वतःच्याच दातांनी केलेल्या जखमांचे व्रण होते. बहुतेकांची हाडे कधी ना कधी मोडलेली होती, आणि ती मोडल्याचे त्यांना उशिराच कळले होते. या सर्वांमध्ये एका विशिष्ट जनुकात दोष आढळला. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंना त्या संदेशाची सुरुवात करण्यासाठी सोडियमच्या आवागमनाचे एक द्वार लागते. या मुलांमध्ये ते द्वार उघडतच नव्हते.

या निबंधातील एक तपशील वाचताना मी थबकलो. या मुलांचा स्पर्श शाबूत होता. मऊ आणि कठीण त्यांना कळत होते, गरम आणि गार यांतील भेद कळत होता, गुदगुल्याही होत होत्या. फक्त वेदना नव्हती. आपल्या शास्त्रांत स्पर्शनेंद्रियाचे आठ विषय सांगितले आहेत: शीत, उष्ण, स्निग्ध, रूक्ष, लघु, गुरू, मृदू आणि कर्कश. त्या यादीत वेदना नाही. तिचा विचार वेदनीय कर्माच्या प्रकरणात, असातेच्या रूपाने, वेगळा केलेला आहे. धर्मग्रंथांतून आधुनिक विज्ञान शोधून काढण्याची हौस मला नाही आणि तसा दावाही मी करीत नाही. परंतु स्पर्श निराळा आणि दुःख निराळे, ही विभागणी आपल्या मनाला परकी वाटू नये, इतकेच.

याच आजाराचा दुसरा एक प्रकार आहे, आणि मराठवाड्यातील पालकांच्या दृष्टीने तो अधिक धोक्याचा आहे. त्यात वेदनेबरोबर घामही नसतो. १९९६ साली जपानी संशोधकांनी त्यामागील जनुकीय दोष शोधला. अशा बालकाला अगदी तान्हेपणापासून कारण न सापडणारे ताप येतात, कारण शरीर तापले तरी घामावाटे थंड होण्याची सोय त्याच्याकडे नसते. मे महिन्यात बीड-परळीच्या पट्ट्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हा असे मूल भर दुपारी उघड्यावर खेळणे म्हणजे त्याच्या जिवाशीच खेळणे. त्याला सावली, ओले कापड, कूलर आणि वारंवार पाणी लागते. मोठ्यांचे पाहून लहान मुलेही चौविहाराचा हट्ट धरतात आणि आपल्याला त्याचा आनंद होतो. अशा मुलाच्या बाबतीत मात्र रात्रीच्या पाण्याविषयी डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे. आपल्या साधू-साध्वींनाही परिस्थिती समजावून सांगितली तर ते वेगळे सांगतील असे मला वाटत नाही.

हे दोन्ही प्रकार आनुवंशिक आहेत. आई-वडील दोघेही निरोगी असतात, परंतु दोघांकडेही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. येथे बँकेतला माणूस म्हणून एक खुलासा करावासा वाटतो. चारात एक याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा होत नाही. प्रत्येक वेळी पाटी कोरी असते आणि हिशेब नव्याने मांडला जातो. नात्यातील विवाहांत अशी एकसारखी प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे गोत्रे टाळून सोयरीक जुळवतात, ते या दृष्टीने हिताचेच आहे. तरीही घराण्यात असे मूल जन्मले असेल तर पुढील अपत्यापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा, आणि तो घेताना सुनेच्या माहेराकडे बोट दाखवू नये. सदोष प्रत दोन्ही घरांतून आलेली असते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. वेदना नसण्याचे परिणाम काय होतात, हे या भूमीने फार जवळून पाहिले आहे. ते जन्मजात आजारात नव्हे, तर कुष्ठरोगात. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. त्या सुमारास लोकांची समजूत अशी होती की या रोगात बोटे आपोआप झडतात. ती समजूत खोडून काढण्यात मोठा वाटा डॉ. पॉल ब्रँड यांचा आहे. बाबा आमटे यांच्याप्रमाणेच त्यांचाही जन्म १९१४ चा. त्यांचा जन्म तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आई-वडिलांच्या पोटी झाला. १९४६ पासून त्यांनी वेल्लोर येथे शल्यचिकित्सक म्हणून काम केले. त्यांच्या ध्यानात आले की रोगाचे जंतू मज्जातंतू बधिर करतात, बोटे खात नाहीत. बोटे जातात ती रोजच्या वापरातील दुखापतींनी. तव्यावर भाजले तरी हात मागे येत नाही. खिळा रुतला तरी चालणे थांबत नाही. एकदा गंजलेले कुलूप डॉक्टरांना उघडता येईना, तेव्हा सुमारे दहा वर्षांच्या एका मुलाने किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त वाहत होते आणि जखम हाडापर्यंत गेली होती. मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री निजलेल्या रुग्णांची बोटे उंदीर कुरतडत असत, हेही त्यांना आढळले, आणि त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली.

ब्रँड यांचा पुढचा प्रयोग पालकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात असताना त्यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा घाट घातला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारी यंत्रे बसवली. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की कानात आवाज होई. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करू लागले. मग काखेत विजेचा सौम्य झटका देण्याची योजना केली, तर एखादे काम तडीस न्यायचे असले की रुग्ण यंत्रच बंद करीत आणि काम उरकल्यावर पुन्हा चालू करीत. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर तो प्रयोग सोडून द्यावा लागला. खरी वेदना बंद करण्याचे बटण आपल्या हाती नसते, यातच तिचा उपयोग आहे. सूचना देणारा आई-बापांचा आवाजही त्या कानातल्या आवाजासारखाच असतो. मूल तो ऐकते आणि खेळ चालू ठेवते. म्हणून नुसते 'जपून रे' म्हणत राहून भागत नाही.

जन्मजात अवस्थेतील एका चार वर्षांच्या मुलीची हकिकतही ब्रँड यांनी नोंदवून ठेवली आहे. ती दीड वर्षाची असताना आईला खोलीतून तिचे खिदळणे ऐकू आले. आई आत गेली तर मुलगी चादरीवर लाल रंगाने नक्षी काढीत होती. तो रंग तिने स्वतःच चावलेल्या बोटाच्या रक्ताचा होता. अकराव्या वर्षापर्यंत तिचे दोन्ही पाय कापावे लागले होते आणि बहुतेक बोटे गेली होती. ही हकिकत भीती घालण्यासाठी सांगत नाही. त्याच अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, पुढच्या काळात, अशाच दुसऱ्या एका मुलीचे बालपण पुष्कळ सुखरूप गेले. तान्हेपणी तिचा डोळा लाल झाला होता आणि ती रडत नव्हती. तपासणीत बुबुळावर मोठी जखम आढळली, आणि तेथून निदानाची वाट सुरू झाली. शाळेत गेल्यावर मैदानातून परतताच परिचारिका तिचे डोळे धुऊन त्यांतील वाळू काढीत असे. शिक्षकांना तिची कल्पना होती, वर्गातील मुलांनाही होती. तिच्या आई-वडिलांनी आपले दुःख घरात कोंडून ठेवले नाही. अशा इतर कुटुंबांना एकत्र आणणारी शिबिरे त्यांनी सुरू केली. या दुसऱ्या मुलीच्या पाठीशी उभा होता तो रोजच्या पाहणीचा नेम आणि झालेले नुकसान वेळेवर उघडकीला येण्याची व्यवस्था.

व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दुकान कितीही विश्वासू माणसाच्या हाती असो, संध्याकाळी रोजमेळ घालावाच लागतो. फरक दहा रुपयांचा असला तरी तो त्याच दिवशी सापडतो. महिनाभराने शोधायला बसले तर सापडत नाही. आमच्या त्या परिचित सूनबाईंनी हेच केले. जुन्या लाल कापडाच्या चोपडीतील कोरी पाने घेऊन त्यांनी मुलाच्या देहाचा रोजमेळ लिहायला सुरुवात केली. त्यांच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. त्यानंतर उजेड असतानाच ओट्यावर बसवून त्या मुलाची पाहणी करतात. प्रथम डोळे, त्यांत लाली किंवा कचरा आहे का. मग तोंड उघडून जीभ, गालांची आतली बाजू आणि दात, कारण किडलेला दात अशा मुलात शेवटपर्यंत बोलत नाही. कान. दोन्ही हातांची बोटे वेगवेगळी करून. कोपर आणि गुडघे वाकवून, दोन्ही बाजू एकसारख्या आहेत की एक सुजलेली किंवा गरम आहे. पाठ. शेवटी तळवे आणि बोटांच्या फटी. सारे मिळून पाच मिनिटांचे काम. एखादा सांधा न दुखता सुजला असेल तर त्या अंग चोळून देत नाहीत, डॉक्टरांकडे नेतात. मोडलेले हाड चोळल्याने काय होते, हे आता त्यांना कोणी सांगण्याची गरज उरलेली नाही.

घरात काही बदल करावे लागतात. बंबातील किंवा गीझरचे पाणी मुलाने स्वतः काढून घेऊ नये. ते मोठ्यांनी हाताने पाहूनच द्यावे. तवा, इस्त्री आणि मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर, या तीन ठिकाणी आपल्या भागातील मुले नेहमीच भाजतात. न दुखणारे मूल तेथून पाय काढूनही घेत नाही. बूट घालण्यापूर्वी उपडे करून झटकण्याची सवय मराठवाड्यात विंचवाच्या भीतीने असतेच. येथे ती खड्यासाठीही हवी. विंचवाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अशा मुलाला दंश झाला तर 'चावलं' असे तो कदाचित सांगणार नाही. अकारण उलट्या, दरदरून घाम आणि थंडगार पडलेले हातपाय, अशी लक्षणे खेड्यात दिसली तर दंशाची शंका घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. उपचार आहे, परंतु दंश झाला हे कोणीतरी ओळखले पाहिजे. आणखी एक गोष्ट. वुड्स यांना सापडलेला जनुकीय दोष ज्यांच्यात असतो त्यांना वासही येत नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अशा मुलाला मोठेपणीही गॅसची गळती कळणार नाही, म्हणून त्याच्या स्वयंपाकघरात गळती सांगणारे यंत्र बसवावे.

शिक्षेविषयीही लिहिले पाहिजे. अनेक घरांत धपाटा हे शिस्तीचे शेवटचे साधन मानले जाते. या मुलावर त्याचा परिणाम होत नाही. मग मारणाऱ्याचा राग वाढतो, हात जड पडतो, आणि तरीही मूल हसतच राहते. ते निर्ढावलेले आहे म्हणून नव्हे. अशा वेळी इजा किती झाली हे मारणाऱ्याला कळत नाही आणि मुलालाही कळत नाही. म्हणून या घरांतून मार हा प्रकार पूर्णपणे बंद झाला पाहिजे. तसाच नातेवाइकांचा चिमटा. 'खरंच कळत नाही का' म्हणून गंमतीने चिमटा काढून किंवा टाचणी लावून पाहणारे पाहुणे असतात, आणि मुलाला त्यातून कौतुकाची चटक लागते. निखाऱ्यांवरून चालणाऱ्या त्या मुलाभोवतीही असेच कौतुक करणारे प्रेक्षक जमत असत.

आपल्या परंपरेत सहन करण्याला मोठे स्थान आहे, आणि म्हणूनच आपल्या घरांत गफलत होण्याचा संभव अधिक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आणि उत्तराध्ययन सूत्राच्या दुसऱ्या अध्ययनात २२ परीषहांचे विवेचन येते. भूक, तहान, थंडी, ऊन, डास-माश्यांचा दंश, रोग, गवताच्या काडीचा टोचणारा स्पर्श, हे सारे मुनी समभावाने सोसतात. ज्याने केशलोच पाहिला आहे त्याला त्या समभावाची किंमत कळते. परंतु ज्याला दंश जाणवलाच नाही, त्याने दंशाचा परीषह जिंकला असे कोणते शास्त्र म्हणेल? खात्यात रक्कम जमाच झाली नाही, तर ती खर्च केली नाही याचे श्रेय कसले? मुलाच्या न रडण्याला तप समजणे हा तपाचाही अनादर आहे. पर्युषणात अशा मुलांना 'याला काही त्रास होत नाही' म्हणून उपवासाला प्रोत्साहन देणारे मी पाहिले आहेत. त्रास होत नाही आणि त्रास सांगत नाही, या दोन गोष्टींतील अंतर त्या वयात मोठ्यांनीच ओळखायचे असते.

याहून अवघड प्रश्न आणखी एक आहे, आणि तो आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. मला दुःख नको, तसे दुसऱ्या कोणत्याही जीवाला नको, या अनुमानावर आपली अहिंसा उभी आहे. या अनुमानाचा आरंभ स्वतःच्या दुखण्यापासून होतो. ज्याला स्वतःलाच दुखत नाही, त्याने मुंगी वाचवून पाय का टाकावा? आमच्या परिचयातील मुलगा धाकट्या बहिणीला खेळताना चावला, आणि ती किंचाळली तेव्हा तिच्याकडे नवलाने पाहत राहिला. घरातील कोणीतरी त्याला 'निर्दय' म्हटले. तो शब्द मला फार लागला.

फ्रान्समधील मेंदूतज्ज्ञ निकोला दांझिगर यांनी २००६ साली या प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मापासून वेदना न जाणणाऱ्या व्यक्तींना त्यांनी इतरांच्या दुखापतींची वर्णने ऐकवली आणि दृश्ये दाखवली. चेहरा किंवा आवाज नसेल तर त्या व्यक्तींना दुखापतीचे गांभीर्य कमी वाटले. परंतु वेदनेने पिळवटलेला चेहरा समोर आला की त्यांनी ती वेदना जवळजवळ इतरांसारखीच ओळखली. याचा अर्थ दयेचे दार बंद नाही. त्यात प्रवेश वेगळ्या बाजूने करावा लागतो. इतर मुलांना आपण म्हणतो, 'तुला असं केलं तर कसं वाटेल?' या मुलाला तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याला प्रामाणिकपणे काहीच वाटणार नाही. त्याला म्हणावे, 'तिच्या चेहऱ्याकडे बघ. आवाज ऐक. तिने हात कसा मागे घेतला ते बघ.' आपल्या अनुभवावरून नव्हे, तर समोरच्याकडे नीट पाहून करुणा शिकायची. सूनबाईंनी हीच पद्धत धरली आहे. 'दुखतं का?' हा प्रश्न त्या मुलाला स्वतःविषयीही विचारीत नाहीत. 'कुठं लाल आहे? कुठं सुजलं? कालच्यापेक्षा काय वेगळं आहे?' असे विचारतात, आणि रक्त दिसले, भाजले, उंचावरून पडला किंवा डोक्याला लागले तर दुखो न दुखो, येऊन सांगायचे, हा त्यांच्या घरचा नियम आहे.

निदानाविषयी थोडक्यात लिहितो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील टोचणीला बाळ एकदाही रडले नाही, दात येताना जीभ-ओठ चावून जखमा केल्या, डोळा लाल असूनही चोळला नाही, भाजल्याचा डाग आधी दिसला आणि रडणे आलेच नाही, यांपैकी काही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे. कडा-आष्टीच्या बाजूची मंडळी अहिल्यानगरला जातात. जनुकीय तपासणीसाठी पुढे पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. आधी नीट जाणवत असलेल्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर ती जन्मजात अवस्था नव्हे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात आणि वेळेवर घेतल्यास विकृती येत नाही. केवळ लाजेपोटी तो चट्टा झाकून ठेवणारी सुशिक्षित घरेही आहेत.

त्या आडत दुकानदार आजोबांना गेली वीस वर्षे मधुमेह आहे. गादीवर बसून आयुष्य गेले आणि आता तळवे बधिर झाले आहेत. रोज पाय तपासत जा, असे डॉक्टरांनी त्यांनाही सांगितले होते. ते कधी तपासत नसत. गेल्या वर्षापासून सूनबाईंनी संध्याकाळच्या पाहणीला दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवायला सुरुवात केली. नातवाचे पाय आई पाहते आणि आजोबांचे पाय नातू पाहतो. या दिवाळीनंतर मी गेलो होतो, तेव्हा ही पाहणी चालू होती. नातवाने आजोबांची टाच उजेडाकडे वळवली, बराच वेळ निरखली आणि आईला हाक मारली. बाभळीचा काटा होता, आत मोडलेला, भोवती लाली. केव्हा रुतला, हे आजोबांना सांगता आले नाही. मुलाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पुन्हा टाचेकडे पाहिले. सूनबाईंनी चोपडी उघडली आणि त्या दिवशीच्या पानावर दोन नावांपुढे दोन नोंदी केल्या.